केंदाळाखालचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एक कबुली देऊन सुरुवात करतो. 1962 साली मी सहावीत होतो. मामांबरोबर शहरात गेलो असताना एका बागेतल्या हौदात मी एक झाड पाहिलं. झाड म्हणजे काय, पाण्यावर तरंगणारा हिरव्या पानांचा गुच्छ. पानांचे देठ फुगलेले, हातात घेतले तर स्पंजासारखे. मधोमध जांभळट निळ्या फुलांचा तुरा आणि वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, “ने की बाळ, पाहिजे तेवढी ने. आम्ही उपसून टाकतोच आहोत.” तुपाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून मी दोन रोपं एस.टी.तून घरी आणली.

परड्यातल्या दगडी डोणीत ती सोडायला गेलो तर आई म्हणाली, “तिथं नको रे, गुरं पाणी पितात. तळ्यात सोड जा.” मी तळ्यात सोडली. पुढची दोन वर्षं शाळेतून येताना वाट वाकडी करून मी ती फुलं बघायला जात असे. तिसऱ्या वर्षी वाट वाकडी करावी लागली नाही. घाटाचा एक कोपरा सगळा जांभळा झाला होता आणि बायका धुण्याला येताना काठीनं पानं बाजूला सारत होत्या.

शुद्ध मराठीत जिला जलपर्णी म्हणतात आणि आमच्याकडे केंदाळ म्हणतात, ती ही वनस्पती. आमच्या तळ्यात ती माझ्यामुळेच आली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पावसाळ्यात ओढ्यातूनही आली असेल. पण माझ्यामुळे आली नाही, असंही मला म्हणवत नाही. पुढे रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि त्या तळ्याचं पाणी बाटलीत भरून तपासण्यात सुट्ट्या गेल्या. त्यामागे ही टोचणी होती, हे आज या वयात कबूल करायला हरकत नाही.

मग मी या पाहुणीचा इतिहास शोधू लागलो. तेव्हा कळलं की जगात जिथं जिथं ती गेली, तिथं तिथं तिला माझ्यासारख्याच कुणीतरी फुलाच्या मोहानं नेलं होतं.

तिचं माहेर दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची नोंद केली आणि प्रशियाचे एक मंत्री आयकहॉर्न यांच्या नावावरून 1843 मध्ये तिच्या कुळाला ‘आयकॉर्निया’ हे नाव मिळालं. मायदेशात ती फार माजत नाही. तिथं तिला खाणारे किडे आहेत, रोग आहेत, नदीचे चढउतार आहेत. परदेशात जाताना ती एकटी गेली. तिचे शत्रू मागेच राहिले.

अमेरिकेत ती 1884 साली न्यू ऑर्लिन्सच्या कापूस-प्रदर्शनातून पसरली असं सांगतात. प्रदर्शन बघायला आलेल्या मंडळींनी फुलाची रोपं घरी नेली आणि आपापल्या तळ्यात सोडली. दहा-पंधरा वर्षांतच फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत आगबोटी अडकू लागल्या. 1899 मध्ये अमेरिकन काँग्रेसनं ती काढण्याचं काम लष्कराच्या अभियंत्यांकडे सोपवलं. यंत्रांनी चिरडून झालं, सोमलाचं विष फवारून झालं. त्या विषानं काठावरची गुरं मेली, वनस्पती काही मेली नाही. 1910 साली तर लुइझियानाच्या ब्रुसार्ड नावाच्या खासदारानं काँग्रेसमध्ये विधेयक आणलं की आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत. ते केंदाळ खातील आणि लोक त्यांचं मांस खातील! विधेयक मंजूर झालं नाही. पण विचार करा, शहाणीसुरती माणसं इथपर्यंत येऊन पोचली होती. आणि गंमत अशी की तिला खाणारा प्राणी बाहेरून आणावा, ही कल्पना मुळात चुकीची नव्हती. प्राणी चुकला होता. तो पाणघोड्याएवढा नको होता, तांदळाच्या दाण्याएवढा हवा होता. त्याच्याकडे मी पुढे येतो.

आपल्या देशात ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंगालमध्ये आली, तीही शोभेची म्हणून. तिथं तिला कचुरीपाना म्हणतात. पूर्व बंगाल म्हणजे पाण्याचाच मुलूख. भात पाण्यात, ताग पाण्यात, बाजार पाण्यावरून, वरातसुद्धा नावेतून. अशा मुलखात हिला मोकळं रान मिळालं. 1920 च्या सुमारास खाड्या, कालवे, बिलं भरून गेली. पुराबरोबर तिचे तराफे भातात घुसत आणि उभं पीक आडवं करत. नावा हलेनात. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोकांनी तिला ‘जर्मन पाना’ असं नाव ठेवलं होतं. शत्रूनंच ही पाठवली, अशी अफवा होती.

1921 मध्ये सरकारनं यावर समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते साक्षात जगदीशचंद्र बोस. पुढे 1936 साली बंगाल जलपर्णी कायदा झाला. आपल्या जमिनीतल्या पाण्यातून ती काढून टाकणं हे लोकांचं कर्तव्य ठरलं आणि बागेत किंवा शोभेच्या कुंडात ती वाढवायला बंदी आली. हे वाचलं तेव्हा मला तुपाचा डबा आठवला. बंगालमध्ये असतो तर सहावीतच गुन्हेगार ठरलो असतो.

1937 च्या निवडणुकीत कचुरीपाना हटवण्याचं आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत आलं. फजलुल हक यांचं मंत्रिमंडळ सत्तेवर आल्यावर गावोगाव मोहीम निघाली. हजारो माणसं एकाच वेळी पाण्यात उतरली. एकाच वेळी, हे महत्त्वाचं. कारण एका गावानं काढली आणि वरच्या गावानं ठेवली तर पुढच्या पुरात ती परत येते. पुढच्या दहाएक वर्षांत उपद्रव बराच कमी झाला. ती नाहीशी मात्र झाली नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी मग तिच्याशी जुळवून घेतलं. आजच्या बांगलादेशाच्या दक्षिण भागात कचुरीपान्याचे थर एकावर एक रचून तरंगते वाफे करतात आणि त्यावर भाजीपाला, रोपं पिकवतात. पूर आला की वाफा पाण्याबरोबर वर येतो. 2015 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेनं या पद्धतीला शेतीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

आता ती इतकी चिवट का, ते सांगतो. हिला बियांची वाट बघावी लागत नाही. एका रोपाला आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला दुसरं रोप. ऊब आणि खाद्य मिळालं तर एक-दोन आठवड्यांत संख्या दुप्पट होते. दुप्पट हा शब्द फसवा आहे. तळ्याचा आठवा हिस्सा झाकलेला असेपर्यंत कुणाला काही वाटत नाही. मग पाव होतो, मग अर्धा, आणि त्यानंतरच्या एकाच दुपटीत सगळं तळं हिरवं. गावकरी म्हणतात, “एका महिन्यात कुठून आली?” ती महिन्यात आलेली नसते. आपण वर्षभर बघितलेलं नसतं. शिवाय बी गाळात पडलं की पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं.

हातानं काढणं, यंत्रानं काढणं, औषध मारणं या तीन वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. औषधानं ती मरते, पण मेलेली सगळी पाण्यातच कुजते आणि तिनं शोषलेलं खत पुन्हा पाण्यात उतरतं. तळ्याचं पाणी गुरं आणि माणसं वापरत असतील तर औषधाचा धोका वेगळाच. हातानं काढली तर तिच्या वजनात 95 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे वीस ट्रक भरले तर त्यातले एकोणीस ट्रक पाणीच! आणि ती काठावरच टाकली तर पहिल्या पावसात पुन्हा तळ्यात.

चौथी वाट किड्यांची. तिच्या माहेरचा एक छोटा भुंगेरा आहे, निओकेटिना त्याचं नाव. तो हिची पानं कुरतडतो, त्याच्या अळ्या देठ पोखरतात. दुसरं काही खात नाही, याची खात्री करून 1972 मध्ये तो अमेरिकेत सोडला गेला. भारतात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी तो आणला, तपासला आणि तिथल्या तलावांत सोडला. काही तलावांत दोन-तीन वर्षांत जलपर्णी जवळजवळ गेली.

त्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट त्याहून बोलकी आहे. केरळात ‘आफ्रिकन पायल’ नावाचं तरंगणारं नेचं कुट्टनाडच्या भातशेतीत आणि कालव्यांत माजलं होतं. जगभर त्यावर किडे सोडून पाहिले, पण यश येईना. कारण वनस्पतीची ओळखच चुकली होती. शास्त्रज्ञ जिला जी समजत होते ती ती नव्हतीच, तिची सख्खी बहीण होती. 1978 मध्ये ब्राझीलच्या आग्नेय भागात तिचं खरं माहेर सापडलं. तिथं तिच्यावर जगणारा एक इवलासा काळा भुंगेरा मिळाला. तो आधी ऑस्ट्रेलियात नेला, तिथून बेंगळुरूत आणला. तिथलं एक कमळाचं तळं अकरा महिन्यांत मोकळं झालं आणि मग तोच भुंगेरा केरळात गेला. आधी ओळख, मग उपाय. घाई करून चालत नाही.

पण भुंगेरा म्हणजे जादूची कांडी नव्हे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं उदाहरण बघा. 1990 च्या दशकात तिथं केनिया, युगांडा, टांझानिया या तिन्ही देशांच्या काठांवर जलपर्णीनं बंदरं बंद पाडली. कोळ्यांच्या होड्या निघेनात. भुंगेरे सोडले, हवामानानंही साथ दिली आणि 2000 सालापर्यंत ती मोठ्या प्रमाणावर ओसरली. पुढे काही वर्षांत केनियाच्या आखातात ती पुन्हा आली. का आली? कारण खाद्य तसंच येत होतं. शहरांचं सांडपाणी, शेतातून वाहून येणारी माती आणि खत.

इथं मी माझ्या वहीकडे येतो.

1980 च्या दशकातली गोष्ट. आमच्या तळ्याचा निम्मा भाग केंदाळानं झाकला होता. उन्हाळ्यात एका पहाटे तळ्यावर मासे धरणारे एक भोई काका माझ्या दारात उभे. म्हणाले, “सर, जरा तळ्यावर चला. मासे तोंडं वर काढून मरायला लागलेत. कुणी विष घातलं काय बघा.” विष घातलं असेल तर पोलिसात जायचं, असा त्यांचा बेत होता. कुणावर संशय आहे, तेही त्यांनी वाटेत सांगून टाकलं.

मी प्रयोगशाळेतल्या बाटल्या घेऊन गेलो. पाण्यातला प्राणवायू मोजायची एक जुनी रीत आहे. बुडापेस्टच्या विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1888 मध्ये ती शोधली. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची. त्यात मँगनीजचं एक द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइडचं दुसरं घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बनतो. जितका प्राणवायू जास्त, तितका रंग गडद. मग आम्ल घालून, हायपोच्या थेंबांनी नेमका आकडा काढायचा. उघड्या पाण्यातल्या बाटलीत फिकट तपकिरी साका आला. केंदाळाखालून भरलेल्या बाटलीत साका आला तो पांढराशुभ्र.

पांढरा म्हणजे प्राणवायू नाही. आकडा काढायचीही गरज नव्हती.

भोई काका बाटलीकडे बघत राहिले. “म्हणजे विष नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “विष नाही काका. वरून झाकण बसलंय. खाली ऊन जात नाही, वारा लागत नाही आणि तळाशी घाण कुजतेय. रात्रभरात होता तेवढा श्वास संपला.” ते म्हणाले, “मग झाकण काढू या की.” मी म्हणालो, “काढू. पण ते बसलं कशामुळे?” त्यांनी काही न बोलता पलीकडे बोट केलं. तिथं गावाचं गटार तळ्याला मिळत होतं.

मी इतकी वर्षं पुस्तकं वाचून जे शिकलो, ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

याचा शास्त्रीय पुरावा हवा असेल तर कॅनडात जावं लागेल. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानं एक अख्खं तळं मधोमध पडदा टाकून दोन भागांत वाटलं. दोन्हीकडे कर्ब आणि नत्र घातलं, एकीकडेच त्याबरोबर स्फुरदही घातलं. त्या बाजूला शेवाळ माजून पाणी हिरवं झालं, दुसरी बाजू स्वच्छ राहिली. विमानातून काढलेलं त्याचं छायाचित्र जगभर गाजलं. स्फुरद म्हणजे आपल्या सांडपाण्यातून, साबणाच्या पावडरीतून, खतांतून येणारं फॉस्फेट. प्रयोग शेवाळावरचा होता, पण केंदाळही त्याच ताटात जेवतं.

अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराला लागून वॉशिंग्टन सरोवर आहे. 1950 च्या दशकात आसपासच्या वस्त्यांचं प्रक्रिया केलेलं मैलापाणी त्यात सोडत असत. एडमंडसन नावाचे प्राध्यापक त्या सरोवराच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत होते. त्यांनी सांगितलं की हे असंच चाललं तर सरोवर हिरवं, घाण होणार. लोकांनी 1958 मध्ये मतदान करून सांडपाणी दुसरीकडे वळवायला कौल दिला. 1963 ते 1968 या काळात टप्प्याटप्प्यानं काम झालं. 1960 च्या दशकात जिथं मीटरभर खोलीपर्यंतही दिसत नव्हतं, तिथं पुढच्या दशकात तीन मीटर आणि त्याहून खोल दिसू लागलं. कुणी सरोवर साफ केलं नाही. घाण टाकायचं थांबवलं आणि सरोवरानं स्वतःला साफ केलं.

पाण्यात किती खोल दिसतं, हे मोजायची रीत तर इतकी सोपी आहे की शाळेतली मुलंही करू शकतात. 1865 मध्ये रोममधल्या सेक्की नावाच्या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी समुद्रात सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. आज ती तबकडी वीतभर व्यासाची असते, बहुधा काळ्या-पांढऱ्या चौकटींची. मी आमची तबकडी सुताराकडून करून घेतली, खाली शिशाचं वजन लावलं आणि दोरीला गाठी मारल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन विद्यार्थी आणि मी भोई काकांच्या होडीतून तळ्याच्या मध्यावर जात असू. नोकरीच्या सुरुवातीला तबकडी दोन हात खाली गेली तरी दिसायची. पंधरा वर्षांनी ती वीतभर खाली जाताच गायब व्हायची. या दोन ओळींमध्ये गाव वाढलं, नळ आले, घरोघरी मोऱ्या आल्या आणि गटारं तळ्याकडे वळली. नळाचं पाणी आल्यामुळे तळ्याकडे बघायचं कारणही उरलं नाही.

ती वही घेऊन मी संबंधित कचेरीत गेलो होतो. साहेबांनी चहा पाजला, पानं उलटली आणि म्हणाले, “सर, तुमचं बरोबर आहे. पण केंदाळ काढायला पैसे मिळतात. गटार वळवायला मिळत नाहीत.” त्यांचा राग करावा असं वाटलं, पण करता आला नाही. खरं तेच ते बोलले होते. केंदाळ काढताना छायाचित्र निघतं. गटार वळवलं तर रस्ता खणावा लागतो, लोक शिव्या देतात आणि नळी जमिनीत पुरली की दिसतही नाही.

महाराष्ट्र या बाबतीत मागे होता असं नाही. जलप्रदूषण रोखणारा कायदा आपल्या राज्यानं 1969 मध्येच केला, केंद्राचा 1974 मध्ये आला. पाण्याच्या प्रती ठरलेल्या आहेत. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, माशांसाठी किमान 4. नियम आहेत, रीती आहेत, आकडे आहेत. तरीही पुण्याच्या मुळा-मुठेपासून कोल्हापूरच्या पंचगंगेपर्यंत आणि मुंबईच्या पवईपासून उल्हास नदीपर्यंत उन्हाळा आला की तेच हिरवे गालिचे आपण बघतो. पवईचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधला होता. त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही.

आमच्या तळ्याचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. गटार वळलं, पण तीनातलं एकच. तेही भोई काका आणि त्यांच्या भावकीनं सतत पाठपुरावा केला म्हणून. केंदाळ पूर्वीपेक्षा निम्म्यानं कमी आहे. जे उरतं ते तरुण मंडळी मार्गशीर्षात, म्हणजे ते वाढायच्या आधी काढतात आणि काठावर न टाकता खड्ड्यात खत करतात. भोई काका आता नाहीत. त्यांचा नातू मासे धरत नाही, शहरात नोकरी करतो. पण सुट्टीत आला की माझ्याकडून बाटल्या मागून नेतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं केंदाळाच्या कडेखालून एक बाटली भरून आणली. मला आता थेंब नीट दिसत नाहीत, म्हणून द्रावणं त्यालाच घालायला सांगितली. बूच लावून त्यानं बाटली उलटीसुलटी केली आणि खिडकीशी धरली.

“आजोबा, तपकिरी आहे,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण फिकट आहे.”

मी म्हणालो, “तसंच लिही वहीत. तारीख घाल आणि दोन गटारं अजून उरलीत, तेही लिही.”